मधलीच खाच उथळ

काम चिपळूणमधल्या एका शाळेच्या ग्रंथालयाचं. 22 जुलै 2021च्या पुरात त्यांची साध्या प्लायची कपाटं फुगून उकलली होती. म्हणून या वेळी आयएस 710 मानकाचा, पाण्याला दाद न देणारा मरीन प्लाय, आणि फळ्या पट्ट्यांवर न टेकवता उभ्या बाजूंमध्ये खाचा पाडून त्यांत बसवायच्या. सात फुटी बाजू चौदा, प्रत्येकीत पाच आडव्या खाचा, खोली सहा मिलिमीटर.

आमचं मशीन रंधा आणि सर्क्युलर, म्हणजे गोल करवत, एकत्र असलेलं. त्याचं ब्लेड वर-खाली होत नाही. खोल कापायचं तर टेबलच खाली घ्यावं लागतं. आणि टेबल जेमतेम दोन फूट रुंद. सात फुटी बाजू त्यावर तोल धरत नाही, म्हणून डावी-उजवीकडे तीन-तीन फुटांची जोडटेबलं मी स्वतः बनवली. लोखंडी पाय, तळाला उंची जुळवायचे बोल्ट, वर सनमायका. सकाळी ॲल्युमिनियमची लांब पट्टी आडवी टाकून तिन्ही टेबलं एका पातळीत आणली. दीड तास गेला, पण पट्टीखालून कुठेही कागद सरकत नव्हता.

मग रुंदी. बिलावर प्लायची जाडी 19 मिलिमीटर, व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापाच्या साधनावर, 18.4. नकाशा काढणारे डोळे मिटून 19 लिहितात आणि खाचेत खुळखुळणारी फळी आमच्या माथी येते. दोन बाहेरची ब्लेडं, मध्ये त्यांच्यातला भाग काढणारे चिपर आणि पत्र्याच्या पातळ चकत्या घालून नेमकी 18.5ची खाच मिळवली.

आधी तीन मिलिमीटर खोल कापून पाहिलं, मग टेबल आणखी तीन खाली घेतलं. फूटभर तुकड्यावर चाचणी: बरोबर सहा. समाधानाने बाजू कापायला घेतल्या.

तिसरी बाजू झाल्यावर काकांनी खाचांत फळ्या घालून पाहिल्या. टोकाकडच्या थोड्या वर राहिल्या, मधली चांगलीच वर. व्हर्नियरची खोली मोजायची शेपटी आत घातली, तर टोकांना पावणेपाच, मध्ये साडेतीन. प्लायला बाक आहे असं मी ठरवूनच टाकलं आणि दुकानदाराला फोनवर नको ते बोललो. काका म्हणाले, "आवाज पोकळ येतोय रे. बाजू खाली टेकत नाही." त्यावर मी म्हणालो, "मग जोर लावून दाबा की!"

अशी खाच आरपार नसते, त्यामुळे ब्लेडवरचं गार्ड काढावं लागतं. ब्लेड कापल्या जाणाऱ्या बाजूखाली झाकलेलं असतं, पण ती पुढे सरकली की मागून उघडं पडतं. तिथे अठरा मिलिमीटर रुंद दात फिरत असताना मी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला वरून दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलंही. चौथ्या बाजूची मधली खाच चार मिलिमीटरवर आली. मला ते यशच वाटलं.

काकांनीच मशीन बंद केलं, भिंतीवरची पट्टी काढली आणि टेबलांवर आडवी टाकली. मधल्या टेबलावर तीन मिलिमीटरची फट. मी मधलं टेबल खाली घेतलं होतं, जोडटेबलं सकाळच्याच उंचीवर. सात फुटी बाजू दोन्हीकडे त्यांवर टेकून मध्ये पुलासारखी अधांतरी राहत होती. चाचणीचा तुकडा फूटभर, तो जोडटेबलांना शिवलाच नव्हता.

आता दोन चौकोनी पाइप मधल्या टेबलाला बोल्टने जोडलेत. जोडटेबलं त्यांच्यावर बसतात आणि टेबलाबरोबरच वर-खाली होतात. भार मशीनच्या स्क्रूवर येऊ नये म्हणून पाय मोकळे सोडायचे, उंची ठरली की आवळायचे. चाचणीचा तुकडाही आता सात फुटी. चारही बाजू त्याच स्टॉपवर, म्हणजे खाचेची जागा ठरवणाऱ्या अडणीवर, पुन्हा फिरवल्या, एकही वाया गेली नाही.

बाजू दाबताना काकांचा पंजा ब्लेडच्या रेषेपासून चार बोटांवर होता. तेवढंच अंतर रोज डोळ्यांसमोर येतं. दुकानदाराकडे जाऊन माफी मागितली. काका मात्र विषय काढू देत नाहीत. मी बोलायला लागलो की रंधा सुरू करतात.