तुम्ही विचारलंत म्हणून: राग पिशवीवरच का?

प्रश्न नेहमीचाच. दुधाची पिशवी चालते, वेफरचं पाकीट चालतं, शांपूची पुडी चालते. मग भाजीच्या प्लास्टिकच्या पिशवीनंच काय घोडं मारलंय? विचारणाऱ्याच्या हातात त्या वेळी बहुधा मंडईतून आणलेली चुरचुरीत काळी पिशवी असते. असो.

महाराष्ट्रातली २०१८ ची बंदी, पाच हजारांचा दंड, २०२२ च्या अखेरीस लागू झालेली किमान १२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची अट, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्या मायक्रॉनचा हिशेब मात्र कोणी करत नाही. दहा बाय चौदा इंचांची, २० मायक्रॉनची पिशवी भरते साधारण साडेतीन ग्रॅम. म्हणजे किलोला जवळजवळ तीनशे. तीच पिशवी १२० मायक्रॉनची असेल तर वीस ग्रॅम, किलोला पन्नास. भंगारवाला पैसे वजनावर देतो. एका किलोसाठी तीनशे वेळा वाकायचं, तेही आमटीनं आणि कांद्याच्या सालांनी माखलेल्या पिशव्यांसाठी? कचरा वेचणारी बाई त्या सोडून बाटली उचलते, आणि तिचं काही चुकत नाही. दुधाच्या पिशव्या एकसारख्या, घरात धुऊन साठवता येतात, रद्दीबरोबर जातात. (कोपरा पूर्ण कापू नका, नुसता चिरा. तो तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही.) वेफरच्या पाकिटाचं तुमचं बरोबर आहे. त्यात थरावर थर असतात, ते कोणी घेत नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जाडी घरी तपासायची तर एकच पदर मोजायच्या भानगडीत पडू नका. दहा पदर करा, मधली हवा दाबून काढा, स्क्रूगेजनं मोजा, दहानं भागा. १२० मायक्रॉनच्या पिशवीचे दहा पदर सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतील. मंडईतल्या काळ्या पिशवीचे दहा पदर पाव मिलिमीटरलाही पोचत नाहीत.

इतकी पातळ वस्तू नाल्याच्या जाळीवर आली की गजाला गुंडाळते आणि पाण्याचा दाबच तिला तिथं धरून ठेवतो. तिच्यावर निर्माल्य, त्यावर जलपर्णी. धरणातून पाणी सुटून आलेला पूर ओसरला की पुण्यात मुठेकाठच्या झाडांवर पिशव्यांची तोरणं दिसतात. पाणी कुठवर चढलं होतं ते बघायला पट्टी लागत नाही. तरीही २५ सप्टेंबर २०१९ च्या पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराचं खापर पिशव्यांवर फोडू नका. अरुंद केलेलं पात्र आणि त्यातली बांधकामं पिशवीनं नाही केली. मुंबईच्या २००५ च्या पुरानंतरही पिशवीला पुढं करून बाकीचे निसटले होते.

मग मी इतका अडून का बसतो? गाईमुळे.

गाय ओठांनी निवडून खात नाही, जिभेनं ओढून घेते. उरलेली पोळी-भाजी पिशवीत घालून आपण गाठ मारतो, ती नीटनेटकेपणानं. आतल्या मिठाचा, आंबलेल्या भाताचा वास बाहेर येतो, गाठ काही तिला सोडवता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. पिशवी पहिल्या पोटात, रुमेनमध्ये, अडकते. पुढं जायची वाट अरुंद, आणि प्लास्टिक सडत नाही. एकेक करत गोळा वाढतो. रवंथ कमी होतो, शेण कमी होतं, दूध आटतं, डावी कूस फुगते. बाहेरून पोट भरलेलं, आतून गाय उपाशी.

ऑपरेशन बहुधा गाय उभी असतानाच होतं. डाव्या कुशीत भूल देतात, कातडी आणि स्नायू उभे चिरतात, मग रुमेनची भिंत बाहेर ओढून कातडीच्या कडेला टाके घालून पक्की करतात. आतला एक घोट जरी पोटाच्या पोकळीत सांडला तरी जंतुसंसर्ग होतो. मग डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत आत. निघतो तो पिशव्यांचा ढीग नसतो, दोरखंड असतो. पीळ पडलेला, सुतळी, केस, कधी तार गुंतलेला. ओढला की तुटतो, पुन्हा हात. असं वीस-तीस किलो निघाल्याच्या नोंदी आहेत. वरच्या हिशेबानं मांडून बघा, किती गाठी झाल्या. दोन थरांत टाके घातले तरी काम संपत नाही. आतले पचनाचे जीवाणू मेलेले असतात, म्हणून निरोगी गाईच्या रुमेनचं पाणी हिला पाजतात.

पूर्वी मी ठणकावून सांगायचो, ‘कापडी घ्या, विषय संपला.’ तो विषय तेव्हाही संपलेला नव्हता. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालात हिशेब आहे: हवामानावरचा भार फिटायला सुती पिशवी, एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीच्या तुलनेत, १३१ वेळा वापरावी लागते. लग्नात वाटलेल्या नव्या कोऱ्या पिशव्यांचं काय होतं ते तुमच्या माळ्यावर बघा. जुन्या साडीची शिवलेली वेगळी. ती साडी आधीच वापरून झालेली असते.

आणि ‘कापडासारखी’ दिसते ती कापडी नव्हे. एक धागा ओढून काडी लावा. सूत कागदासारखं जळून राख होते; नॉनवोव्हन (न विणलेलं, कापडासारखं दिसणारं प्लास्टिक) आक्रसून त्याचा टणक मणी होतो, कारण ते पॉलिप्रोपिलीन आहे. ‘कम्पोस्टेबल’, म्हणजे खत होणारी, असं छापलेलीही नदीत विरघळत नाही, तिला कारखान्यातल्या खताच्या ढिगाची ५८ अंशांच्या आसपासची धग लागते.

दंडाबद्दल विचाराल तर मला अजून ठरवता आलेलं नाही. दहा रुपयांची कोथिंबीर विकणारीला पाच हजार? पण तिनं नाही म्हटलं की तुम्ही शेजारच्या गाळ्यावर जाता, हेही तिला माहीत आहे.

राहिली मासळी. डबा न्या, पण आधी रिकामा काट्यावर ठेवायला सांगा आणि टेअरचं बटण दाबून शून्य करून घ्या. नाहीतर स्टीलचे तीनशे ग्रॅम तुम्ही सुरमईच्या भावानं विकत घ्याल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पिशवीच मागाल.