तुम्ही विचारलंत म्हणून: अजूनही ओबुआसीच का?

रविवारी घरी मॅच बघायला पुतणे आणि त्यांचे मित्र जमतात. कोणी लिव्हरपूलचा, कोणी बार्सिलोनाचा. मग कोणीतरी नवीन पोरगा विचारतो, "काका, तुमची टीम कोणती?" मी सांगतो, घानाची अशांटी गोल्ड, ओबुआसी गावची. पोरं लगेच मोबाइलवर शोधतात आणि फिक्सिंगची बातमी हाती लागते. "काका, हे तर मॅच विकणारे. अजून यांनाच धरून बसलात?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारून झालाय की एकदा नीट बसून उत्तर लिहावं म्हटलं.

मी चंद्रपूरचा. कोळशाच्या खाणीत नोकरी केली, मग एका ठेकेदारामार्फत ओबुआसीला गेलो. माणसांना खाणीत खाली-वर नेणारा पाळणा, म्हणजे केज, ओढणाऱ्या यंत्राची देखभाल माझ्याकडे होती. कुमासीपासून साठेक किलोमीटरवरचं हे गाव, सगळं तांबड्या मातीचं. 1897 मध्ये अशांटी गोल्डफिल्ड्स कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि त्या खाणीभोवती हे गाव वाढलं. सोनं मात्र तिथे दिसत नाही. टनभर दगडातून काही ग्रॅम निघतं, तेही दळून, धुऊन, रसायनातून काढून. त्या दगडात आर्सेनिक असतं, म्हणून ओढ्याच्या पाण्याला हात लावताना जुनी माणसं आजही विचार करतात. गावाने सोन्यासाठी काय मोजलंय ते तिथे राहिल्यावर कळतं.

क्लब 1978 चा. नाव गोल्डफिल्ड्स, खेळाडूंचं टोपणनाव मायनर्स, आणि चाहते प्रेमाने म्हणायचे अबोआकेसे, म्हणजे मोठं जनावर. घानात फुटबॉल म्हटलं की दोन नावं येतात: अक्राचा हार्ट्स ऑफ ओक, 1911 पासूनचा, आणि कुमासीचा असांते कोटोको, 1935 पासूनचा. एवढ्याशा खाणगावाने त्यांच्यात शिरायचं म्हणजे काय ते समजून घ्या. 1993 साली लीग व्यावसायिक झाली आणि पहिली सलग तीन जेतेपदं, 1994, 1995, 1996 ची, ओबुआसीने नेली. त्याच 1996 मध्ये खाणीची कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. तिचा प्रमुख सॅम जोना हा कधीकाळी याच खाणीत मजूर म्हणून उतरलेला माणूस. गावाला त्या वर्षी काय वाटलं असेल!

माझ्या शिफ्टमधला फिटर तेव्हा विशीत होता. जेवणाच्या सुट्टीत तो नेहमी 1997 वर यायचा. आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगचं ते पहिलंच वर्ष, आणि फायनलला कासाब्लांकाच्या राजा क्लबसमोर ओबुआसी. घरच्या मॅचमध्ये 1-0 जिंकले, मोरोक्कोत 1-0 हरले, आणि पेनल्टीत 5-4 ने कप गेला. तो खडूने लोखंडी पेटीवर गोलपोस्ट काढून मला एकेक पेनल्टी दाखवायचा. एका किकने राहिलं, असं म्हणताना त्याचा खडू नेहमी एकाच जागी थांबायचा.

त्यानेच मला पहिल्यांदा लेन क्ले स्टेडियमवर नेलं. आम्ही रात्रपाळी करून थेट गेलो होतो. पानात बांधलेलं वाचे, म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं 'प्युअर वॉटर', कोपरा दाताने फाडून प्यायचं. ढोल, पितळी वाद्यं, आणि त्यावर जामा, म्हणजे चाहत्यांची जोशाची गाणी, गाणारी पोरं, नव्वद मिनिटं गळा न थांबवता. माझ्या शेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला एक म्हातारा खाणकामगार होता. गोल झाला तसं त्याने हेल्मेट उलटं धरून त्यावर ताल धरला. परका म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. त्याने माझा हात धरून त्या हेल्मेटवर आपटला. तेव्हापासून ही टीम माझी.

खाण आजारी पडली की क्लबही खंगायचा. 1999 मध्ये सोन्याचा भाव अचानक उसळला आणि आधीच ठरलेल्या भावाने सोनं विकण्याच्या सौद्यांमुळे कंपनी अडचणीत आली. 2004 मध्ये ती अँग्लोगोल्डमध्ये विलीन झाली आणि क्लबचं नाव अशांटी गोल्ड झालं. 2014 मध्ये भूमिगत काम थांबलं, हजारो माणसांची नोकरी गेली. माझाही करार तिथेच संपला. नाक्यावरची दुकानं एकेक करून बंद होत गेली, आणि शिफ्टच्या वेळेला ओस पडलेला रस्ता बघून पोटात कालवायचं. मी परत आलो. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, बशीर हेफोर्ड प्रशिक्षक असताना ओबुआसीने चौथ्यांदा लीग जिंकली. फिटरचा फोन आला. त्याच्याकडे काम नव्हतं, पण मागे ढोल वाजत होते आणि आम्हा दोघांना एकमेकांचा शब्दही ऐकू येत नव्हता.

आता तुमच्या बातमीकडे येतो. 17 जुलै 2021. लीगचा शेवटचा दिवस, लेन क्लेवर, पाहुणी टीम इंटर अलाइज. 5-0 झालेलं असताना पाहुण्यांचा बदली खेळाडू हाशमिन मूसाने दोन मिनिटांच्या अंतराने स्वतःच्याच जाळ्यात दोन गोल मारले. 7-0. नंतर त्याने रेडिओवर सांगितलं की 5-1 वर पैज लागल्याचं हॉटेलात कानावर आलं होतं, ती उधळायची म्हणून हे केलं. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पोरं तो बघून हसतात. मला हसू येत नाही. गोल मारल्यावर तो पोरगा कसा चालतो ते बघा.

मे 2022 मध्ये घाना फुटबॉल असोसिएशनने दोन्ही क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या तिसऱ्या पायरीवर, टाकले. दंड झाले, कित्येकांवर बंदी आली. शिक्षा योग्यच झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फिटरही तेच म्हणाला. त्याला राग एकाच गोष्टीचा होता: "आपल्या मैदानावर केलं." हे तो तीनदा म्हणाला.

पोरांनो, तुम्ही म्हणता तो क्लब मॅच विकणारा. ती मॅच ज्यांनी विकली त्यांची नावं निकालपत्रात आहेत. त्यात तो हेल्मेटवाला म्हातारा नाही, जामा गाणारी पोरं नाहीत. 1994 ते 1997 त्यांचं आहे, 2015 त्यांचं आहे. ते मी या एका संध्याकाळसाठी कसं सोडून देऊ?

खाणीचं काम 2019 मध्ये पुन्हा सुरू झालं. फिटर परत कामावर आहे, त्याचा धाकटा आता मैदानावर जातो. दुसऱ्या डिव्हिजनचे निकाल तुमच्या अ‍ॅपवर मिळत नाहीत. तो धाकटाच मॅचनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो: स्कोअर, गोल करणाऱ्याचं नाव, आणि पाऊस होता की नाही. नावं मला अनोळखी असतात. मी प्रत्येकाबद्दल विचारतो, कुठल्या गल्लीतला, वडील खाणीत आहेत का. रात्री उशिरापर्यंत तो उत्तरं देत बसतो.