घरी रोल धुतला, खास स्कॅनसाठी – माझा अनुभव

दिवे घाटात वारीचे दोन रोल काढले होते, ब्लॅक अँड व्हाइट, इल्फर्डचा एचपी५. दोन्ही घरीच धुतले.

पहिल्याला डी-७६ (हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) एकास एक पाणी घालून पूर्ण ११ मिनिटं दिली. पण ती ११ मिनिटं २० डिग्रीला असतात आणि आमच्या नळाचं पाणी होतं २६, एवढ्याने काय होतंय म्हणून तसंच रेटलं आणि वर टँक (फिल्म धुवायचा बंद डबा) सारखा हलवत बसलो. निगेटिव्ह हातात आली तेव्हा काय खुश झालो, काळीभोर, ठसठशीत! स्कॅनरवर ठेवली आणि खरं कळलं. धोतरं, टोप्या, म्हणजे जे जे पांढरं ते निगेटिव्हवर इतकं गडद की स्कॅनरचा लाइट आरपार जाईचना. वारकऱ्यांच्या अंगावर नुसते पांढरे पट्टे. फार वाईट वाटलं, ते क्षण परत थोडेच येणारेत.

दुसऱ्या रोलच्या वेळी टबात बर्फ घालून डेव्हलपर आणि फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं केमिकल) यांच्या बाटल्या त्यात उभ्या केल्या, थर्मामीटर २० दाखवेपर्यंत हात लावला नाही. वेळ साडेनऊ मिनिटं. पहिले १० सेकंद टँक चारदा उलटा-सुलटा, मग दर मिनिटाला चारदा, बस. सावलीतला तपशील फोटो काढतानाच बऱ्यापैकी ठरलेला असतो, डेव्हलपरमध्ये वेळ कमी केला की मुख्यतः उजेडाचा भाग आटोक्यात राहतो. निगेटिव्ह जरा फिकी दिसते, दिसू दे, कॉन्ट्रास्ट नंतर कॉम्प्युटरवर वाढवता येतो पण स्कॅनमध्ये जे आलंच नाही ते कुठून आणणार?

आणि धूळ! स्कॅनरचं धूळ काढायचं ऑप्शन इन्फ्रारेडवर चालतं आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते, त्यामुळे ते वापरलं तर फोटोच खराब होतो. म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी फिल्मवर थेंब न धरता ओघळून जावं म्हणून घालतात ते) थेंब, नाहीतर बोअरच्या पाण्याचे डाग पडतात. बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून वाफ केली, धूळ खाली बसली की फिल्म टांगली आणि दार लावून घेतलं, रात्रभर कुणाला आत जाऊ दिलं नाही.

सकाळी स्कॅन केला. एका आजोबांच्या धोतराच्या चुण्या दिसल्या, एकूण एक.