पंचनामा होईपर्यंत

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, भीमगड अभयारण्याच्या कडेने वसलेल्या आमच्या भागात रानात चरायला गेलेली गाय मारली गेली, तर माणूस वाघापेक्षा भरपाईसाठीच्या कचेरीच्या खेपांनाच अधिक धास्तावतो. माझ्या मामांची गाय अशी सापडली, तेव्हा शेजाऱ्याने सरळ सुचवले, "औषध टाक तिच्यावर. खेपा कोण मारत बसणार?" औषध म्हणजे विष, वाघ पुन्हा खायला आला की मरावा म्हणून. हे बोलणे मला हलके घेता येईना, कारण भीमगडला लागूनच असलेल्या गोव्याच्या म्हादई अभयारण्यात जानेवारी 2020 मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगानेच मेले होते. म्हणून भरपाईचे काम मी अंगावर घेतले.

पहिली गोष्ट म्हणजे मेलेले जनावर जागचे हलवायचे नाही. आम्ही वनरक्षकाला फोन केला, आणि तो येईपर्यंत कुत्री व माणसे दोन्ही दूर ठेवली, यातले दुसरे काम अधिक अवघड होते. जनावरांच्या डॉक्टरांनी गळ्याजवळचे केस बाजूला सारून सुळ्यांच्या खुणांमधले अंतर पट्टीने मोजले. मांस मागच्या पुठ्ठ्यापासून खाल्लेले होते; बिबट्या बहुधा पोटाकडून सुरुवात करतो, असे त्यांनी समजावले. गायीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला शाबूत होता, त्यामुळे ती मामांचीच, हे ठरवण्यात वेळ गेला नाही. बिल्ला मारून घ्यायला कंटाळणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पंचनामा झाल्यावर पुढचे काम कागदांचे होते. डॉक्टरांचा दाखला, घटनास्थळाचे फोटो, आधार, पासबुक आणि कन्नडमधून लिहिलेला अर्ज अशी जुळणी करून सगळे वनखात्याच्या ई-परिहार या ऑनलाइन व्यवस्थेत चढवावे लागले. अर्ज गावातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाने लिहून दिला. गाडी अडली ती मात्र वेगळ्याच ठिकाणी: आधारावर मामांचे आडनाव एका तऱ्हेने आणि पासबुकात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते, आणि ते बँकेत दुरुस्त होईपर्यंत अर्ज तसाच पडून राहिला. सीमाभागात हा घोळ घरोघरी आहे, तेव्हा दोन्ही कागद आधीच ताडून पाहिलेले बरे.

पैसे आले, पण दुभत्या गायीच्या बाजारभावाला ते पुरले नाहीत, आणि ही तक्रार मला रास्त वाटते. तरीही मामांचा राग उतरला तो पैसे हाती पडले तेव्हा नव्हे, तर वनरक्षक त्याच दिवशी आला तेव्हाच. जनजागृतीची व्याख्याने मीही दिली आहेत. वाघ वाचवायला त्यांच्यापेक्षा वेळेवर झालेला पंचनामा अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आता पक्के झाले आहे. पुढे त्याच शेजाऱ्याची कालवड गेली, तेव्हा फोटो कुठून कुठून काढायचे हे विचारायला त्याने रानातूनच मला फोन केला.