स्पेक्ट्रम ४८के, इश्यू ३बी: रेघा लाल हव्यात, जांभळ्या नकोत

मागच्या नोंदीपर्यंत सिंक्लेअरच्या या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा (इश्यू ३बी ही त्याच्या बोर्डाची आवृत्ती) बोर्ड स्वच्छ करून सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलून झाले होते. आता पॉवर.

स्पेक्ट्रमच्या खालच्या १६के रॅममध्ये ४११६ जातीच्या आठ चिप आहेत आणि प्रत्येकीला तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर −५, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५. अ‍ॅडॅप्टर मात्र एकच, ९ व्होल्टचा, तोही मधली पिन ऋण असलेला. ५ व्होल्टचं काम ७८०५ हा रेग्युलेटर करतो. उरलेली दोन व्होल्टेज टीआर४, टीआर५ हे ट्रान्झिस्टर आणि एक छोटी कॉईल मिळून (हाच कन्व्हर्टर) तयार करतात, आणि या मशीनची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. माझ्या बोर्डावर १२ च्या जागी जवळपास अ‍ॅडॅप्टरचाच व्होल्टेज दिसत होता आणि −५ गायब. म्हणजे कन्व्हर्टर बंद. टीआर४ (झेडटीएक्स६५०) काढून नवा लावला, टीआर५ तपासला तर ठणठणीत. तिन्ही व्होल्टेज जागेवर आली. हे मोजल्याशिवाय नवी रॅम सॉकेटात बसवू नका. −५ नसताना वरचा व्होल्टेज मिळत राहिला की ४११६ मरते, आणि आता त्या मिळवणं सोपं राहिलेलं नाही.

मग टीव्ही जोडला. मॉड्युलेटर (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणारा डबा) बाजूला काढून कंपोझिट, म्हणजे थेट व्हिडिओ सिग्नल, आधीच बाहेर आणलं आहे, त्यावर काही नवीन सांगण्यासारखं नाही.

पांढरी बॉर्डर, मध्ये काळा पडदा आणि त्यावर बारीक उभ्या रेघा. निरोगी स्पेक्ट्रमवरही या रेघा क्षणभर दिसतात, पण लाल. रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) सुरू होताच सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरते. पिक्सेलच्या बाइटमध्ये २ म्हणजे आठांपैकी एक ठिपका पेटलेला; रंगाच्या बाइटमध्ये २ म्हणजे काळ्यावर लाल. माझ्या रेघा जांभळ्या होत्या आणि दुप्पट जाड. २ लिहिलं की ३ परत येत होतं: लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, आणि शेजारचा ठिपकाही पेटलेला. डी० ची, म्हणजे बाइटचा सर्वांत खालचा बिट सांभाळणारी, चिप १ वर अडकलेली! स्कोप न लावता, निव्वळ टीव्ही पाहून निदान झालं. ती काढली, सॉकेट लावलं, जुन्या साठ्यातली एक ४११६ बसवली आणि रेघा लाल झाल्या. पाठोपाठ खाली १९८२ ची कॉपीराइटची ओळ.

आता ज्यासाठी हा बोर्ड हातात घेतला होता ते. गेम लोड होताना चित्र वरून खाली सरळ न येता तीन पट्ट्यांत, ओळी सोडून सोडून भरत जातं. हा विचित्र क्रम सॉफ्टवेअरवाल्यांची लहर आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पण पत्ते बिट मांडून लिहा. पिक्सेलच्या पत्त्याचा खालचा बाइट: ओळीच्या क्रमांकाचे (वाय) तीन बिट, वाय५, वाय४, वाय३, आणि मग स्तंभाचे पाच बिट. रंगाच्या पत्त्याचा खालचा बाइट: तोच, बिटाला बिट. फरक फक्त वरच्या बाइटमध्ये.

४११६ ला पत्ता दोन हप्त्यांत द्यावा लागतो, आधी सात बिट रो, मग सात बिट कॉलम. पिक्सेल आणि त्याचा रंग एकाच रो मध्ये पडत असतील तर रो एकदाच द्यायची आणि कॉलम दोनदा. यालाच पेज मोड म्हणतात. पिन ४ वर आरएएस (रो घेण्याचा इशारा) आणि पिन १५ वर सीएएस (कॉलम घेण्याचा) स्कोपवर घेतलं: आरएएस एकदा खाली, तेवढ्यात सीएएसचे दोन ठोके. यूएलएला, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपला, ८ टी-स्टेटमध्ये (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका) १६ ठिपक्यांचा मजकूर, म्हणजे चार बाइट, ओढायचे असतात, आणि स्वस्तातली रॅम त्या घाईत पुरी पडते ती या युक्तीमुळे. १२५ पौंडांत १६के मशीन विकायचं तर त्याचं हार्डवेअर आखणाऱ्या रिचर्ड ऑल्टवॉसरला प्रत्येक चिपचा हिशेब द्यावा लागत असणार. प्रोग्रामरांनी पुढची दहा वर्षं ओळीचा पत्ता काढायला कोष्टकं बनवली, ती या हिशेबाची किंमत. माझ्या मते सौदा बरोबर होता.

यूएलए असं रॅम वाचत असताना झेड८० ने, म्हणजे प्रोसेसरने, खालच्या रॅमला हात लावला तर यूएलए त्याचं घड्याळच थांबवते, जास्तीत जास्त ६ टी-स्टेट. वरची ३२के रॅम या भानगडीतून मोकळी, म्हणून वेगाचा कोड ३२७६८ च्या वर ठेवायचा.

आणि गाडी तिथेच अडली आहे. रॅमचा शेवटचा पत्ता सांगणाऱ्या PRINT PEEK 23732+256*PEEK 23733 ला उत्तर ३२७६७. मशीन स्वतःला १६के समजतंय. POKE 40000,0 करून परत वाचलं तर १६ येतात, इतर पत्त्यांवरही तेच. म्हणजे डी४ ची चिप १ वर अडकली आहे. ती ० वर अडकली असती तर रॉमला पत्ताही लागला नसता, कारण रॉमची रॅम-परीक्षा म्हणजे २ भरून १ आणि ० पर्यंत उतरवणं, एवढीच. फार ढिली परीक्षा.

वरच्या बँकेत ४५३२ आहेत: ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग खराब निघालेल्या चिप सिंक्लेअरने स्वस्तात घेतल्या आणि कुठला अर्धा चांगला ते बोर्डावरच्या लिंकने (तारेच्या जोडणीने) ठरवलं. त्यांच्या जागी ४१६४ चालते, फक्त १२८ रो रिफ्रेशची हवी (रिफ्रेश म्हणजे माहिती पुसू नये म्हणून रॅम पुन्हा पुन्हा ताजी करणं). झेड८० चा रिफ्रेश सातच बिटांचा, त्यामुळे २५६ रो वाली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची नको. पुण्यात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस बनवला होता, तेव्हा इथल्या कुणाच्या ड्रॉवरमध्ये अशी रॅम पडून असणं अशक्य नाही. रविवारी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारून पाहतो. कुणाकडे १५० किंवा २०० नॅनोसेकंदाची जास्तीची असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च माझा.