आधी आंघोळ, मग तेल: कोकणच्या पावसात बंदूक जपताना

रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले. त्याआधी काही आठवडे मी आमची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केली होती. निकाल लागून कागदपत्रे पुरी होईपर्यंत जूनचा दुसरा आठवडा उजाडला आणि भर पावसात मी ती परत घेऊन आलो. घरी येऊन रेग्झिनच्या कव्हरची चेन उघडली, तेव्हा नळीच्या डाव्या अंगाला वीतभर लांबीची तांबूस-केशरी रेघ उमटलेली दिसली. कव्हरच्या आतले फलालीनचे अस्तर नळीला नेमके जिथे चिकटून होते, तिथेच ती होती. जमा करण्यापूर्वी मी नळीला भरपूर तेल चोपडले होते आणि आता काळजीचे कारण नाही, असे मनाशी धरून निश्चिंत राहिलो होतो. या प्रकारात दोष माझाच होता. तो नेमका काय होता हे मला माझ्या धाकट्या काकांनी समजावून दिले, आणि आमच्या भागातल्या अनेक परवानाधारकांच्या घरी तीच चूक होताना मी पाहिली असल्यामुळे ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

आमची बंदूक वडिलांच्या काळापासून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि कोकणात अशा बंदुका अजूनही पुष्कळ घरांत आढळतात. रानडुकरे, माकडे आणि आता गवे बागायतीत शिरतात, तेव्हा मांगराशी (बागेतल्या खोपटाशी) राखणीला बसलेला माणूस बहुधा आवाजासाठी बार काढतो. वन्यजीव कायद्यामुळे त्यापलीकडे जाण्यापूर्वी परवानगीचा प्रश्न येतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. म्हणजे वर्षाकाठी मोजके बार आणि उरलेले सगळे दिवस ही बंदूक खुंटीवर किंवा कपाटात पडून असते. कोयता रोज हातात असतो, त्यामुळे तो गंजायला लागला की लगेच लक्षात येते. बंदुकीचे तसे होत नाही.

काका पोलीस खात्यात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर होते आणि निवृत्त होऊन आता गावीच राहतात. मी बंदूक त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी रेघेकडे पाहिलेही नाही. आधी निपलवर (नळीच्या मागच्या टोकाच्या छिद्र असलेल्या बोंडावर) केप, म्हणजे घोडा आदळला की ठिणगी देणारी छोटी टोपी नाही याची त्यांनी खात्री केली, तोंड अंगणाच्या मोकळ्या बाजूला धरले, नळीत दारू ठासायचा गज सोडला आणि गजावरची जुनी खूण नळीच्या तोंडाशी बरोबर जुळते की नाही ते पाहिले. नळी रिकामी असली म्हणजे ती खूण तोंडाशी येते, आत दारू आणि छरे असतील तर ती वर राहते. ठासणीच्या बंदुकीत काडतुसासारखे काही उघडून पाहता येत नाही, म्हणून ज्या घरी गजावर अशी खूण नसेल त्यांनी ती आजच करून घ्यावी. त्यानंतर त्यांनी मला विचारले, "अरे, शेवटचो बार काढल्यार नळी धुतलंस?" मी म्हटले, तेल घातले होते. ते म्हणाले, "आधी आंघोळ, मागीर तेल."

या चार शब्दांमागे रसायनशास्त्र आहे. बंदुकीच्या काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. ती जळली की सगळीच धूर होऊन निघून जाते असे वाटते, परंतु तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थांच्या रूपात उरतो. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असते, आणि त्यातला बराचसा भाग नळीच्या आतल्या भिंतीवर व निपलच्या बारीक छिद्रात बसतो. यातले पोटॅशियम कार्बोनेट हवेतली वाफ ओढून स्वतःच पाणावते. पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाला जसे पाणी सुटते, तसाच हा प्रकार आहे. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्यामुळे बार काढल्यावर नळीत तेल ओतणाऱ्याने क्षारांना धुतलेले नसते, तेलाच्या पापुद्र्याखाली सुखरूप झाकून ठेवलेले असते, आणि वरून चकचकीत दिसणारी नळी आतून गंजत राहते.

हे ज्ञान काही गावठी बंदुकीपुरते नाही. आपल्या पोलिसांच्या हातात अनेक दशके राहिलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते, जे स्वभावाने आपल्या खाण्याच्या मिठाचेच भावंड आहे. म्हणून ब्रिटिश काळापासून गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची रीत होती. लोखंडाच्या नळीत मुद्दाम पाणी ओतणे नवख्या शिपायाला विचित्र वाटायचे, असे काका सांगतात.

आमच्याकडे त्या दिवशी पत्र्याच्या बादलीत पाणी तापवले. काकांनी कड्या सोडवून नळी दस्त्यापासून वेगळी केली, निपल काढून वाटीत भिजत टाकले आणि नळीचे मागचे टोक बादलीत धरून गजाला बांधलेल्या चिंधीने पाणी वर-खाली ओढायला सुरुवात केली. पहिले पाणी शाईसारखे काळे निघाले आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास होता. तो सल्फाइडचा वास, म्हणजे माझ्या तेलाखाली मार्चपासून बसून राहिलेला ऐवज. पहिल्या पाण्यात किंचित साबण टाकला होता, पुढची दोन पाणी साधी. पाणी हाताला जेमतेम सोसेल इतकेच गरम घ्यावे असा त्यांचा आग्रह आहे, कारण ठासणीच्या नळीत कडकडीत उकळते पाणी घातले आणि सुकवायला थोडा जरी उशीर झाला तर काही मिनिटांत आत बारीक केशरी थर धरलेला त्यांनी पाहिला आहे. पाणी घोड्याच्या यंत्रणेत आणि लाकडात शिरता कामा नये, म्हणूनच आधी नळी सुटी करायची. नंतर कोरड्या चिंध्या एकामागून एक, शेवटची स्वच्छ आणि कोरडी बाहेर येईपर्यंत, आणि नळी कोमट आहे तोवरच तेल.

तेल किती लावावे, याचे एक माप मला त्यांच्याकडून कळले आणि ते फार आवडले. फौजेत आणि पोलिसांत रायफल साफ करण्याची चिंधी ४ इंच लांब व २ इंच रुंद असते, मात्र तेल देण्याची चिंधी ४ इंच लांब व दीडच इंच रुंद असते. साफसफाईची चिंधी नळीत घट्ट बसून मळ खरवडून आणते. तेलाची चिंधी जरा सैल असते, त्यामुळे ती तेल पुसून नेत नाही, पातळ थर मागे ठेवते. त्याहून जास्त तेल उपकारक नसतेच. ते निपलच्या छिद्रात उतरते आणि ऐन वेळी केप फुटूनही बार होत नाही. ते दस्त्याच्या लाकडात मुरून लाकूड काळे आणि मऊ करते. म्हणूनच तेल दिलेली बंदूक काही दिवस तोंड खाली करून ठेवावी आणि वापरण्यापूर्वी नळी कोरड्या चिंधीने पुसून घ्यावी.

कोणते तेल, हा आमच्याकडे भावनेचा विषय आहे. कोयत्याला आणि विळ्याला खोबरेल लावण्याची आपली जुनी रीत आहे आणि रोज वापरातल्या हत्याराला ती चालूनही जाते. पडून राहणाऱ्या बंदुकीला मात्र खोबरेलच काय, कोणतेही खाद्यतेल लावू नये असे माझे ठाम मत झाले आहे. वनस्पतिज तेल हवेत हळूहळू खवट होते, त्यात आम्ले तयार होतात आणि चाप-घोड्याच्या सांध्यांत चिकट राप बसतो. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणजे राखणीच्या थंडीच्या रात्री नेमके नको तेव्हा. बंदुकीसाठी मिळणारे खनिज तेल उत्तम, ते नसेल तर शिवणयंत्राचे तेल चालते, फक्त ते पातळ असल्याने लवकर ओघळते आणि पावसाळ्यात पुन्हा पुन्हा द्यावे लागते. रॉकेल गंज सैल करायला चांगले. संरक्षण म्हणून त्याचा उपयोग नाही, कारण ते उडून जाते. ओल हटवणारे फवारे मिळतात त्यांचेही तसेच आहे. ते पाणी बाजूला सारण्याचे काम चोख करतात, पण मागे उरणारा थर इतका पातळ असतो की चार महिन्यांच्या पावसाळ्याला तो पुरत नाही. अळशीचे तेल मात्र दस्त्याच्या लाकडासाठी जरूर वापरावे, लोखंडाला लावू नये.

आता माझ्या त्या रेघेविषयी. ती नळीच्या बाहेरच्या बाजूला होती, तिचा दारूच्या क्षारांशी संबंध नव्हता. आमचे घर खाडीपासून जवळ आहे आणि वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार लोखंडावर बसतात. शिवाय बंदूक कव्हरात घालताना माझा हात घामेजलेला होता. या दोन्हींतल्या मिठातले क्लोराइड गंजण्याच्या क्रियेत खर्ची पडत नाही. ते एकदा लोखंडाच्या खळग्यात शिरले की तिथले पाणी आम्लधर्मी करत, वरच्या गंजाच्या आडोशाने आत आत पोखरत जाते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, म्हणून तो पापुद्र्यांनी सुटतो आणि खाली नवे लोखंड उघडे पडते. वर फलालीनचे अस्तर एखाद्या स्पंजासारखे ओल धरून होते आणि रेग्झिनमुळे ती ओल बाहेर जायला वाट नव्हती. कव्हर हे बंदूक नेण्या-आणण्यापुरतेच असते, ठेवण्यासाठी नाही. यापुढे बंदूक जमा करताना ती मेणकागदात सैल गुंडाळून देणार आहे, आणि ठाण्यात तशी ठेवता येईल का हे आधी विचारून घेणार आहे.

रेघ काढताना माझा हात पॉलिश पेपरकडे गेला होता, तो काकांनी अडवला. नळीवरचा काळसर-निळा मुलामा हा रंग नसून लोखंडाचाच काळा ऑक्साइड असतो. जुन्या पद्धतीत तो कसा करतात हे ऐकून मी थक्क झालो: नळीवर मुद्दाम तांबडा गंज चढवायचा, मग ती स्वच्छ पाण्यात उकळायची म्हणजे तांबड्या गंजाचा काळा ऑक्साइड होतो, सुटी भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची, आणि ही क्रिया पुन्हा पुन्हा करायची. तो थर अत्यंत पातळ आणि सच्छिद्र असतो. एकटा तो गंज रोखू शकत नाही, पण तेल धरून ठेवतो. पॉलिश पेपरने तांबड्या गंजाबरोबर तोही निघून जातो. दुसरे असे की नळीवर बंदुकीचा क्रमांक कोरलेला असतो, परवान्यावर तोच क्रमांक असतो, आणि ओळखचिन्ह खोडणे हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. घासताना तो पुसट झाला तर निष्काळजीपणाचे स्पष्टीकरण देत बसावे लागेल. आम्ही रेघेवर तेलाने भिजवलेली चिंधी रात्रभर ठेवली आणि सकाळी तांब्याच्या पट्टीच्या कडेने हलकेच खरवडले. तांबे गंजाहून मऊ असले तरी सुटलेला पापुद्रा उचलण्यापुरते कठीण असते, आणि खालच्या पोलादावर चरा पडत नाही. तांबडेपणा गेला, तीन बारीक खळगे राहिले. असे खळगे नळीच्या आत, विशेषतः दारू भरण्याच्या जागी खोल गेलेले असतील, तर बंदूक जाणकार दुरुस्तीकाराला दाखवल्याशिवाय बार काढू नये, कारण दाब सोसणारी भिंत तिथे पातळ झालेली असते.

काडतुसाच्या बंदुकीचे मालक म्हणतील की हे आम्हाला लागू नाही. अंशतः ते खरे आहे. धूरविरहित दारूची आजची काडतुसे असे क्षार मागे ठेवत नाहीत, त्यामुळे पाण्याने धुण्याची गरज उरत नाही. खारा वारा, घाम आणि कव्हर मात्र त्यांनाही चुकलेले नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित जागा नळी आणि दस्त्याचे लाकूड यांच्या मधली. लाकूड पावसाळ्यात ओल शोषते आणि लोखंडाला चिकटून ती महिनोन्‌महिने तशीच धरून ठेवते. आमची नळी सुटी केली तेव्हा वरच्या अर्ध्या भागापेक्षा खालचा, न दिसणारा भाग जास्त खराब निघाला. तिथे तेल दिले तर लाकूड ते पिऊन टाकते, म्हणून काकांनी तिथे मेणाचा पातळ हात दिला. संग्रहालयांत यासाठी सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात, कारण मधमाश्यांच्या मेणात किंचित आम्ल असते. मिळाले तर तेच घ्यावे.

ठेवण्याची जागा आता बदलली आहे. स्वच्छ लोखंड साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खाली फार सावकाश गंजते, आणि आमच्याकडे जुलैत ती दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. पण २७ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा तशीच ३२ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, बंदुकीपासून दूर, छोटा बल्ब लावला आहे आणि जवळ सिलिका जेलची डबी ठेवली आहे. तिच्यातले निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घेतो. पूर्वी चुलीशेजारी बंदूक टांगायचे त्यात हीच ऊब होती, धूर मात्र बाधक होता. दारू आणि केपा अर्थातच या कपाटात नाहीत. हिवाळ्यात पहाटे राखणीहून आलो की थंड बंदूक थेट स्वयंपाकघराच्या उबेत नेत नाही. तिच्यावर दव धरते, म्हणून पडवीत थोडा वेळ ठेवून, पुसून मगच आत नेतो.

पावसाळ्यात दर शनिवारी ती बाहेर काढतो, गजाची खूण पाहतो आणि तेलाची चिंधी फिरवतो. डाव्या अंगाच्या त्या तीन खळग्यांपासूनच सुरुवात करतो. या वर्षी अजून तरी चिंधी तिथून तांबडी होऊन आलेली नाही.