लिहिलेलं होतं?

आज मोक्षधाम घाटावर शेजारच्या काकांना निरोप देऊन आलो. दूध आणायला स्कूटरवर निघाले आणि कोपऱ्यावरच्या झाडाची फांदी अंगावर कोसळली. घाटावर जो तो म्हणत होता, "सटवाईनं लिहिलेलं कोणाला पुसता येते भाऊ?"

काकूंचं मात्र एकच पालुपद. "दूध नासलं नसतं तर मी त्यांना पाठवलंच नसतं." ओट्यावर ते नासलेलं पातेलं अजून तसंच आहे, हात लावू देत नाहीत कुणाला.

परत येताना सीताबर्डीच्या गोवारी उड्डाणपुलावरून आलो. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरच्या विधानभवनावर मोर्चा घेऊन आलेले ११४ गोवारी बांधव चेंगराचेंगरीत गेले. त्यात बायका आणि लेकरंच जास्त. एवढ्या सगळ्यांच्या कपाळी एकच दिवस कसा लिहिलेला असेल? मला नाही पटत. नशीब म्हटलं की जाब कुणालाच विचारायला नको!

काका त्याच क्षणी तिथून गेले, हा योगायोग, मान्य. पण ती फांदी उन्हाळ्यापासून वाळलेली होती, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

काकूंशी यातलं काही बोलणार नाही. नशिबात होतं म्हटल्यानं त्यांच्या मनावरचं ते दूध उतरणार असेल, तर मीही तेच म्हणेन, अगदी मनापासून.

त्या रस्त्यावर आणखी वाळकी झाडं आहेत. उद्या अकराला महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज घेऊन जातोय. कॉलनीतल्यांनी सकाळीच सह्या करा, आणि जमेल त्यांनी सोबत या.